जाळी विणायच्या आत

हाकुइ, १९ डिसेंबर

चि. चिझुरु हिला आईचा आशीर्वाद.

काल दुपारी पोहोचलं ते असं: आतून स्पंज लावलेली, दाराच्या आत गज असलेली एक लाकडी पेटी, तिला पंखा आणि दिवा, एक पिंजरा, त्यात मुनियेची मादी आणि तिचं पंधरा दिवसांचं पिल्लू, राळ्याचे दाणे दोन किलो, शिंपल्यांच्या भुग्याचा एक पुडा, आणि तुझं चार पानांचं सूचनांचं पत्र. हे सगळं घेऊन आलेल्या कुराताबाईंचं रेल्वेचं भाडं तुमच्या प्रयोगशाळेने भरलं असं त्या म्हणाल्या. इकडे लागले ते स्टेशनपासून टॅक्सीचे एक हजार चारशे ऐंशी येन, बर्फ होतं म्हणून, आणि चहाबरोबरच्या तांदळाच्या गोड वड्यांचे, मोचीचे, तीनशे वीस. ते मी दिले. तू पाठवू नकोस.

कुराताबाई म्हणाल्या, चिझुरुसानला स्वतःलाच यायचं होतं, पण काम निघालं. मी म्हटलं, असू दे, तिची पाखरं वयाला बांधलेली असतात.

सूचना दोनदा वाचल्या. तुमच्या शेजारी नवी इमारत उठते आहे, जमिनीत खांब ठोकायचा आवाज दिवसभर चालतो, म्हणून हे पिल्लू माझ्याकडे. त्याने नराची शीळ ऐकायची नाही. गाणं नाही, रेडिओ नाही, शिट्टी नाही. पस्तिसाव्या दिवशी आईपासून तोडून पेटीत एकटं ठेवायचं आणि एकशेविसाव्या दिवशी, म्हणजे दोन एप्रिलला, कुराताबाई येऊन नेतील. टीव्ही मी शेजारी फुसाबाईंकडे नेऊन ठेवला, त्यांना आनंदच झाला. फोनची वायर काढली. आपल्यात फोन दोन वर्षांत झालेला नाही, त्यामुळे त्यात काही नुकसान नाही. मात्र पत्र टाकत जा.

पिंजरा देवघरात ठेवला आहे. घरात सगळ्यात निवांत खोली तीच. सकाळची घंटा मी थांबवली, स्तोत्र मनातल्या मनात म्हणते. आमिदा बुद्धाला मनातलंही ऐकू येतं.

पत्राच्या शेवटी तू नुसतं 'कळावे' लिहिलं आहेस. कळलं.

तुझी आई


हाकुइ, ९ जानेवारी

चि. चिझुरुस,

परवा पस्तीस दिवस भरले. मादीला काढून स्वयंपाकघरात आणलं. पिल्लू देवघरातच, पेटीत. पहिला दिवस त्याने एकच हाक लावून धरली आणि ती इकडून उत्तर देत राहिली, मध्ये तीन भिंती. माद्या गात नाहीत, नुसत्या हाका मारतात, असं तू लिहिलंस. या घरात तुझ्या जन्माआधीपासून बाबांच्या मुनिया होत्या, तेव्हा एवढं मला ठाऊक होतं. पण पंख्याच्या घरघरीतून तिची हाक त्याला ऐकू येत नसावी.

तुझं जाळीचं पत्र मिळालं. माझं शिक्षण मॅट्रिकपर्यंतचं. आमच्या पुस्तकात मेंदूच्या पेशी काढलेल्या होत्या आणि पेशींच्या मधली जागा कोरी सोडलेली होती. मला वाटे तिथे काहीच नसतं. तू लिहितेस, ती जागा कधीच कोरी नसते. तिथे प्रथिनाची दांडी आणि तिला चहूकडून साखरेच्या साखळ्या, बाटली धुवायच्या ब्रशासारखं काहीतरी असतं. त्याचं नाव प्रोटिओग्लायकन. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा सरळ आलं. लहानपणी हे सगळं सैल, पाण्यासारखं असतं. मग पाखरू बापाची शीळ ऐकतं, घोकतं, आणि ती पक्की होत आली की त्याच ब्रशांची जाळी काही पेशींभोवती विणली जाते. शिकलेलं त्यात टिकतं, आणि नवं शिकायला जागा उरत नाही. ज्याने काहीच ऐकलं नाही त्याची जाळी विरळ राहते का, आणि त्याला मोठेपणी शिकवता येतं का, हे तुला पाहायचं आहे.

हे मला समजलं, कारण पत्र वाचताना समोर अंगणातला पाइन होता. नोव्हेंबरात त्याला शेंड्यापासून दोऱ्या ओढून घेतल्या आहेत. बर्फाने फांदी मोडत नाही. पण दोऱ्या आहेत तोवर ती हवी तिकडे झुकतही नाही.

फुसाबाई गुडघ्यांसाठी ज्या गोळ्या घेतात त्यांतही हीच साखर असते, असं तू लिहिलंस ते मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "दहा वर्षं गिळतेय. म्हणजे गुडघे आता हट्टी झाले, नवीन काही शिकायचे नाहीत." पोटातून ती साखर मेंदूत जात नाही हेही मी सांगितलं. तर म्हणाल्या, मग पैसे परत द्यायला सांग तुझ्या लेकीला.

पंखा रात्रंदिवस चालवायचा असं आहे. चालवते.

बर्फ तीन दिवस थांबलेलं नाही. आधी रस्त्याचा आवाज गेला, मग शेजारचा, मग आज वार कोणता ते गेलं. घर कापसात गुंडाळून कुणीतरी फडताळात ठेवल्यासारखं वाटतं. तुझ्या पिल्लासाठी याहून चांगली जागा नसेल.

तुझी आई


हाकुइ, २२ जानेवारी

चि. चिझुरुस,

पिल्लू नीट आहे. वजन चौदा ग्रॅम, दाणे रोज दोन चमचे. चोचीच्या बुडाचा काळा रंग उतरत चालला.

चौदा तारखेला, बाबा गेले त्या तारखेला, त्यांचा महिन्याचा दिवस होता. त्या सकाळी मी फुसाबाईंच्या छपरावरचं बर्फ उतरवायला गेले होते, दोन तास लागले. बाकी विशेष काही नाही.

फुसाबाई एक विचारत होत्या. समजा, अशा एखाद्या पिल्लाच्या कानावर एखादे वेळी, चुकून, माणसाचा आवाज पडला. बोलणं नाही, एका सुरातलं काहीतरी. तर तेवढ्याने जाळीला काही होतं का? त्यांना सहज वाटलं म्हणून विचारलं. तुला वेळ मिळाला तर लिही.

तुझी आई


हाकुइ, १७ फेब्रुवारी

चि. चिझुरुस,

फुसाबाईंना तुझं उत्तर वाचून दाखवलं. त्या वयात एकदा ऐकलेलंही पिल्लू सोडत नाही, त्यातूनच काहीतरी रचू पाहतं, असं तू लिहिलंस.

पाठवलेला फोटो बघितला. काळ्या पाटीवर हिरवी कडी. प्रत्येक कड्याच्या आत एकेक पेशी बसलेली, जशी शाल गुंडाळून बाई बसते. तो रंग आपल्याकडच्या वेलीच्या, फुजीच्या, बियांतून काढतात हे वाचून मला नवल वाटलं. देवळाच्या मांडवावर तोच वेल आहे. मी तो फोटो कितीतरी वेळ घेऊन बसले होते. मग एक मनात आलं. पाखराच्या डोक्याच्या आतलं हे इतकं स्वच्छ कसं दिसतं ग? एक्स-रे सारखं काही असतं का?

पिल्लू आता पुटपुटायला लागलं आहे. शीळ नव्हे, तान्ह्या मुलाच्या बोबड्यासारखं, चोच मिटूनच. काल दुपारी मी देवघरात बसले असताना माझा डोळा लागला. बाबा अंगणात बर्फावर राळे टाकत होते आणि दाणे पडल्याचा आवाज येत नव्हता. मी म्हटलं, अहो, जरा जोराने टाका, पाखरांना कसं कळणार? ते हसले, तेही बिनआवाजाचं. जाग आली तर पिल्लूही झोपलेलं होतं. गळ्याची पिसं वरखाली होत होती, आवाज नव्हता. पाखरं झोपेत शीळ घोकतात असं तू कॉलेजात असताना जेवता जेवता सांगितलं होतंस, आणि बाबा म्हणाले होते, मग तू पण झोपेतच अभ्यास कर, वीज वाचेल. मी आणि पिल्लाने मिळून एकच स्वप्न तर बघितलं नसेल, असं मला वाटलं.

चौदाला एन्जो बुवा देवळातून आले होते. चौऱ्याऐंशी झाले, कानांनी पूर्ण गेले. स्तोत्र हळू म्हणा म्हटलं तर म्हणाले, हो, थंडी आहे खरी. आणि आणखी मोठ्याने म्हटलं.

पेटीचं दार घट्ट लावलेलं होतं. काळजी नको.

तुझी आई


हाकुइ, ३ मार्च

चि. चिझुरुस,

तुझं पत्र मिळालं, फोटोच्या प्रश्नाला एका ओळीचं उत्तर. जिवंत पाखराच्या डोक्यात पाहता येत नाही.

मला वाटतं ते मला ठाऊक होतं. ठाऊक असून विचारलं.

अशी सात लागतात आणि हे सातवं, हेही तू खाली लिहिलंस. सहा झाली. सातव्यावर तुझा प्रबंध थांबला आहे आणि प्रबंधावर नोकरी. मी भांडत नाही. बाबांच्या हातूनही पाखरं गेली, पण ती थंडीने किंवा मांजराने, आणि ते दिवसभर जेवत नसत. तू जेवतेस का त्या दिवशी, एवढं मला विचारायचं होतं, पण नको सांगूस.

झोपलेलं तुला दिसलं कसं, पेटीला तर काच नाही, असं तू विचारलंस. त्याचं उत्तर पुढच्या पत्रात लिहिते. आज हात थंड आहेत.

आई


हाकुइ, १६ मार्च

चि. चिझुरुस,

उत्तर लिहिते. हे पाखरू तुझ्या सात जणांत बसणार नाही.

पंखा मी जानेवारीच्या आठ तारखेलाच बंद केला. दिवसभर घरघर, त्यात वीज जाते, आणि पेटीत कोंदट होतं. मला वाटलं, खोलीच इतकी शांत आहे तर पेटीचं दार उघडं राहिलं म्हणून काय बिघडलं. दिवसा ते उघडंच असे. चालवते असं लिहिलं ते खोटं होतं.

आणि मी ज्या खोलीला शांत समजले ती देवघराची खोली. आपल्याकडे महिन्याच्या दिवशी देवळातले बुवा येतात. घरात कुणी असो नसो, दार सरकवून आत येतात, देवापुढे बसून स्तोत्र म्हणतात आणि दक्षिणेचं पाकीट घेऊन जातात. एक्केचाळीस वर्षं हे चाललंय, आधी तुझ्या आजोबांसाठी, आता बाबांसाठी, म्हणून ते माझ्या लक्षातच आलं नाही. घंटा मी थांबवली, टीव्ही हलवला, फोन तोडला, आणि बुवांना 'येऊ नका' म्हणायचं राहिलं. जे रोजचं असतं ते आवाज म्हणून मोजलंच जात नाही बघ.

चौदा जानेवारीला फुसाबाईंकडून परत आले तर देवापुढची गादी सरकलेली, उदबत्ती अर्धी जळलेली. पिल्लू देवाच्या बाजूच्या गजांना चिकटून बसलं होतं. सात दिवस हाका मारणारं, त्या दिवशी गप्प. मी हिशेबाच्या वहीत लिहून ठेवलं: बुवा, वीस मिनिटं.

चौदा फेब्रुवारीला मी घरात होते. दारातच सांगणार होते. पण म्हातारा माणूस गुडघाभर बर्फातून रबरी बूट घालून आला होता, आणि दिवस बाबांचा. मी पेटीचं दार लावलं. बुवांनी सुरू केलं तसं आतून पाखरू दारावर धडका द्यायला लागलं. तेव्हा मी दार उघडलं. वाऱ्याने नव्हे, मीच. बावीस मिनिटं.

चौदा मार्चला, परवा, बुवा आले. अठरा मिनिटं.

आता शीळ ऐक, म्हणजे वाच. तीन तुटक, एक लांब उतरती, आणि मग थांबणं. छातीचं ऑपरेशन झाल्यापासून बुवा ओळीच्या मध्येच श्वास घेतात, जिथे कुणी घेत नाही तिथे. पाखरू तिथेच थांबतं. शब्द त्याला कुठून येणार, सूरही नाही. पण ते थांबणं हुबेहूब आहे. सकाळी स्वयंपाकघरात तांदूळ धुताना ते कानावर आलं आणि माझेच हात थांबले, आता पुढची ओळ येणार म्हणून.

वहीतलं पान फाडून सोबत जोडलं आहे. तारखा आणि मिनिटं तुला लागतील.

आई


हाकुइ, २५ मार्च

चि. चिझुरु,

तुझं पत्र काल आलं. मी ते देवापुढे ठेवलं, मग पुन्हा वाचलं. तू लिहितेस:

"आई, बाबांच्या वेळी तू मला पाखरांवरून बोललीस. आता पाखरू वाचवायला बिचाऱ्या बुवांना गोष्टीत ओढलंस. पाखरू मारायचं असतं हे तुला कळल्यानंतरच हे सगळं कसं आठवलं? आणि खरं असेल तर तिसऱ्या वेळी पेटी उघडी का होती?"

पहिल्या दोन वेळा खऱ्या आहेत. बुद्धाला स्मरून लिहिते. तिसऱ्या वेळेचं मी अर्धंच लिहिलं होतं.

मार्चमध्ये बुवा येणार नव्हते. त्यांना खोकला झाला होता. बारा तारखेला देवळातून त्यांच्या सूनबाईंचा निरोप आला की या महिन्यात राहू दे. मी हो म्हटलं. तुझी ओळ येऊन दहाएक दिवस झाले होते. मी विचार केला, दोनदा ऐकलंय, तिसऱ्यांदा ऐकलं तर हिच्या उपयोगाचं ते अजिबात राहणार नाही. चौदाला सकाळी टॅक्सी करून देवळात गेले. सूनबाईंना म्हटलं, तिसऱ्या वर्षातला दिवस आहे, चुकवू नये. असला नियम कुठेही नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, पण मी कधी टॅक्सी करत नाही हे गावाला माहीत आहे, तेव्हा मोठंच काही असेल असं त्यांनी धरलं. बुवांना दोन शालींत गुंडाळून आणलं. देवघरात बसवलं. पेटीचं दार बिजागरीतून काढून भिंतीला टेकवलं.

बुवांनी माळ हातात घेतली आणि विचारलं, "आज दिवस कुणाचा, मिसाओबाई?"

मी म्हटलं, "पाखराचा."

त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी बाबांचंच नाव घेतलं. मध्ये दोनदा खोकले, आणि दोन्ही वेळा पाखरू मान वाकडी करून थांबून राहिलं, जणू तेही स्तोत्रातलंच आहे. अठरा मिनिटं झाल्यावर मी त्यांना सोबाच्या गरम शेवया दिल्या आणि परत पोचवलं. तेव्हापासून ते अंथरुणात आहेत. आज ताप उतरला असं कळलं. त्यांच्या फुप्फुसावर मी ते पाखरू तोललं. हे देवापुढे सांगितलं आहे, तुला सांगायचं उरलं होतं.

तेव्हा तुझा संशय बरोबर आहे. गोष्ट मी रचली नाही, पण तुझं सातवं पाखरू मी जाणून बिघडवलं. पहिल्या दोन वेळांनीच ते बाद झालं होतं असं मी मनाला सांगते. ते खरं का, हे तुला कळेल. तुझ्या वहीत तसंच लिही. चुकून असं लिहू नकोस.

बाबा गेले त्या दिवशी तुझी पिल्लं चाळिसाव्या दिवसावर होती. तू स्मशानातून परस्पर स्टेशनवर निघालीस आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "जा, बापापेक्षा पाखरं मोठी." आता एक पिल्लू चाळीस, साठ, ऐंशी दिवसांचं होताना मी रोज बघितलं. एक दिवस चुकला तर तो परत मिळत नाही हे मला आता समजतं. तू आपणहून गेली नव्हतीस, तो दिवस तुला तिकडे बोलावत होता. पण मी ते माणसांत बोलले, म्हणून पत्रात परत घेऊन भागणार नाही. फुसाबाई, देवळातल्या सूनबाई, तुझे काका, यांना बसवून मी तुझ्यासमोर म्हणेन.

इथे बर्फ वितळायला लागलं आहे. छपरावरून दिवसभर पाणी टपकतं. पाखरू ते ऐकतं, पण त्यातलं काही उचलत नाही. त्याचं आतलं मिटत आलं असावं. दोन एप्रिलला एकशेवीस दिवस पुरे होतात. पेटी धुऊन वाळवली, दार बसवलं, पंखा चालतो आहे. पिंजराही तयार आहे. तुमच्याकडे बाद पाखराचंही काय करतात ते मी विचारलं नाही, म्हणजे मला ठाऊक असावं. पेटीतून तिकडे न्यायचं की पिंजऱ्यात इथे ठेवायचं ते तू ठरव, यावेळी मी आड येणार नाही.

फक्त कुराताबाईंना पाठवू नकोस. पाखरू मी तुझ्याच हातात देईन, दुसऱ्या कुणाच्या नाही. सकाळी सातला ते म्हणायला लागतं, तेव्हा देवघरात बस आणि एकदा पुरतं ऐक. मग हवं ते कर.

'ये' हा शब्द लिहायला मला दोन वर्षं आणि एक पाखरू लागलं. इथून पत्र दोन दिवसांत पोहोचतं. येतेस की नाही, उलट टपाली कळव.

तुझी आई
मिसाओ